बिनखटक

त्या घरात एखाद्या कामाला कुणी ‘सुंदर’ म्हटलं की ते काम मोडून पुन्हा करायला घ्यायचं, असा रिवाज होता. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटेल. सुनेलाही लग्न होऊन आल्या आल्या वाटलंच होतं. पण त्या घराचा धंदाच तसा होता. तिथे डोळे बनायचे. अपघातात, आजारपणात, कुणाच्या तरी हलगर्जीपणात ज्यांचा एक डोळा गेला, अशी माणसं मान खाली घालून त्यांचा जिना चढायची आणि चार-सहा खेपांनंतर मान वर करून उतरायची. आता समजा, समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुमचा डावा डोळा काय सुंदर आहे हो!" तर खूश व्हायचं, की घरी जाऊन दार लावून बसायचं? दोन्ही सुंदर म्हणाला असता तर गोष्ट निराळी. एकच सुंदर म्हणजे चोरी पकडली गेली.

म्हणून त्या घरात कौतुकाचा शब्द एकच होता आणि तो कुठल्या कोशात सापडला नसता. ‘बिनखटक’. बघणाऱ्याच्या नजरेला कुठे म्हणून खटकत नाही, तो बिनखटक. हा शब्द आबांचा, म्हणजे सुनेच्या सासऱ्यांचा. भाषेतले तयार शब्द त्यांनी एकेक करून नापास केले होते. ‘चालण्याजोगा’ त्यांना चालत नसे. "त्याचा अर्थ, मला पसंत नाही पण तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसतो," असं त्यांचं म्हणणं. ‘बरा’ त्यांच्या मते अगदीच बेभरवशाचा. पटकन म्हटला तर होकार, लांबवून म्हटला तर नकार, आणि मुलीकडच्यांनी मुलाबद्दल म्हटला तर काय समजायचं ते ज्याचं त्याने. ‘साजेसा’ कपड्यांना शोभतो, ‘निर्दोष’ कोर्टातून सुटून आलेल्याला. ‘निरुपद्रवी’ म्हटलं की दारात झोपलेलं म्हातारं कुत्रं डोळ्यांपुढे येतं. ‘ठीक’ हा शब्द विषय संपवायला असतो, वस्तूशी त्याचा काही संबंध नाही. आणि ‘खपून जाईल’ हा शब्द तर त्या घरात शिवीच्या रांगेत बसायचा. सुनेचा नवरा पॉलिशच्या चाकावर बसायचा. त्याच्या तोंडून एकदा एका डोळ्याबद्दल तो शब्द निसटला, तर आबा आठवडाभर त्याच्याशी फक्त आईमार्फत बोलले. "याला म्हणावं मीठ दे."

बिनखटक ठरवायची रीतही आबांचीच. डोळा बसला की ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "कोपऱ्यावरच्या दुकानातून एक काडेपेटी घेऊन या." माणूस घाबरत घाबरत जायचा. आबा सज्जात उभे राहून बघायचे, रस्त्यात कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघतंय का. नाही बघितलं तर काम पुरं. त्या घरात काडेपेट्यांचं एक कपाट भरलेलं होतं. तीन पिढ्यांची चूल पेटली असती. दुकानदार काही खुळा नव्हता, वरून येणारा प्रत्येक जण काडेपेटीच का मागतो हे त्याच्या केव्हाच ध्यानात आलं होतं, आणि तो मुद्दाम निरखून बघायचा. आबांना त्याचा आनंदच होता. शोधायला बसलेल्यालाही जो सापडत नाही तोच डोळा खरा, असं ते म्हणायचे.

सुनेला हा शब्द मिळायला तीन वर्षं लागली. ती आली तेव्हा चित्रकलेची पदविका घेऊन आली होती आणि आपल्याला रंग कळतात अशी तिची समजूत होती. आबांनी तिला बोटाच्या नखाएवढी एक काळी चकती दिली आणि म्हणाले, "यावर तुझ्या नवऱ्याचं बुबुळ काढ." नवऱ्याचे डोळे तपकिरी, म्हणून तिने तपकिरी रंग घेतला. आबा हसले. त्या तपकिरीत हिरवट होतं, राखाडी होतं, बाहुलीच्या कडेला जुन्या पितळेसारखं पिवळं होतं, आणि हे तिने लग्नाआधी सहा महिने त्याच डोळ्यांत बघूनही बघितलं नव्हतं. पहिलं वर्ष ‘चालण्याजोगा’त गेलं, दुसरं ‘बरा’मध्ये. तिसऱ्या वर्षी एका शिंपिणीचा डोळा काडेपेटी घेऊन परत आला आणि आबा सज्जातून आत येत, वेगळ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं म्हणाले, "बिनखटक." सुनेने हरखून माहेरी फोन केला. तिच्या आईने विचारलं, "म्हणजे पगार वाढला का?" सुनेने फोन ठेवला, पण तो सगळा दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होत्या सासूबाई. सून त्यांना आईच म्हणायची. आबा मुळात दातांच्या कवळ्या बनवायचे. लग्नानंतर दोनच वर्षांत आईंचा डावा डोळा आजारात गेला. तेव्हा बाजारात तयार काचेचे डोळे मिळत, बटणासारखे. तसा एक आणून बसवला, तर शेजारचं पोर रडायला लागलं. आईंनी तो काढून डबीत टाकला आणि पदर ओढून घेतला. आबांनी मग कवळीच्या हिरड्यांना लागते ती भुकटी घेतली, गुलाबीऐवजी पांढरी, आणि स्वतःच्या बायकोचा डोळा बनवायला बसले. किती वाया गेले त्याला हिशेब नाही. जो शेवटी बसला, त्यावर हे घर उभं राहिलं.

पुढे आईच त्या घराची पाटी झाल्या. नवीन गिऱ्हाईक आलं की बाहेरच्या खोलीत त्या त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या. पाणी द्यायच्या, रडू द्यायच्या. माणूस हमखास म्हणायचा, "काही केलं तरी लोकांना कळणारच हो." मग आई म्हणायच्या, "माझा कोणता, ते सांगा." समोरच्याचं रडणं जागच्या जागी थांबायचं. तो या डोळ्यात बघायचा, त्या डोळ्यात बघायचा, आणि बहुतेक जण म्हणायचे, "म्हणजे? तुमचासुद्धा?" काही जण ठोकून द्यायचे, तेही चुकीचं. सुनेने हे दाराआडून कितीतरी वेळा बघितलं होतं आणि दर वेळी तिची छाती भरून यायची. डॉक्टरांनी दहा वेळा समजावून जे होत नाही ते आई एका वाक्यात करायच्या.

अशात एक दिवस एक बस कंडक्टर आला. बोलका, थट्टेखोर माणूस. गेलेला डोळाही त्याने थट्टेवारी नेला होता. आईंनी त्याला विचारलं, "माझा कोणता, ते सांगा."

"डावा," तो म्हणाला. विचार केला नाही, पुढे वाकला नाही. तिकीट फाडावं तसं म्हणाला.

आईंचा हात पाण्याच्या तांब्यावर होता, तो तिथेच राहिला. "कसं ओळखलंत?"

"तुम्ही पंचावन्न-साठच्या, आणि हा डोळा पस्तिशीचा दिसतो," तो म्हणाला. "लई छान बनवलाय पण. सुंदर आहे."

त्याचा काय दोष? त्याने कौतुकच केलं होतं. पण दाराआड उभ्या असलेल्या सुनेला कुणीतरी घराची पाटी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी घरात काळा चष्मा लावायला सुरुवात केली. उजेड सहन होत नाही म्हणाल्या. नवीन गिऱ्हाइकांसमोर बसणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत आता सुनेचा नवरा बसायचा आणि लोकांना छापील फोटो दाखवायचा. लोक फोटो बघायचे, मान डोलवायचे आणि रडतच राहायचे. दोघं तर माप न देताच उठून गेले.

आबा म्हणाले, "नवीन करतो." झालं, ठरलं. आईंचा डोळा आबा एकटेच करायचे, दार लावून. त्यात कुणी लुडबूड करायची नाही, हा घरातला अलिखित कायदा. पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, जी सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. आबांचा हात थरथरायला लागला होता. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरायचे आणि थंडीचं कारण सांगायचे. गिऱ्हाइकांची बुबुळं आता सूनच रंगवायची. आबा मापं घ्यायचे, मेणाचा आकार बसवायचे, आणि शेवटी आपला शब्द द्यायचे. तेवढं त्यांच्या हाताला झेपत होतं. तीन केसांचा ब्रश झेपत नव्हता.

दार लावून आबा बसले. संध्याकाळी बाहेर आले ते म्हणाले, "रंग खराब आलेत या वेळचे." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उजेड बरोबर नाही." तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. सून खोली झाडायला गेली तर टोपलीत पंधरा-वीस चकत्या पडल्या होत्या. सगळ्या वाकड्या रेघांच्या. तिने त्या वरच्यावर कागदात गुंडाळल्या आणि कचऱ्यात खाली दडपल्या. आपल्या गुरूची अशी चकती कचऱ्यात वर दिसावी हे तिला सोसवलं नाही.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाल्या, "माझा डोळा सूनबाई करेल."

आबांनी घास खाली ठेवला. "तो डोळा माझा आहे."

"काहीतरीच! डोळा माझा आहे. तुम्ही नुसता बनवता."

"चाळीस वर्षं मीच करतोय!"

"मग आता थोडी विश्रांती घ्या," आई म्हणाल्या. सुनेच्या नवऱ्याने वाटीत डोकं खुपसलं. सुनेला वाटलं, आबा आता उठून जाणार. ते उठले नाहीत. बराच वेळ भात कालवत बसले आणि मग सुनेकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळी दहाच्या उजेडात बसा. दुपारचा पिवळा असतो." सुनेला त्या रात्री आनंद झाला आणि भीतीही वाटली, पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला.

तिने जीव ओतला. आईंना खिडकीशी बसवलं आणि चार दिवस ती त्या बुबुळाच्या मागे होती. रंगांवर पारदर्शक थर, त्यावर पुन्हा रंग, पुन्हा थर, म्हणजे आत खोली येते. पांढऱ्या भागावर तिने लाल रेशमाचे तंतू उसवून शिरा बसवल्या. साचा उकळून डोळा घट्ट केला, नवऱ्याने चाकावर घासून घासून चकाकी आणली. डोळा बसवला आणि सगळे खिडकीशी जमले.

नवऱ्याच्या तोंडून आपसूक गेलं, "वा! सुंदर!"

म्हणाला आणि जीभ चावली. पण शब्द काय, एकदा बाहेर पडला की पडला.

आईंनी आरसा मागितला. बघितलं. "छान आहे गं," त्या म्हणाल्या. "मी अर्धी तरुण दिसतेय." त्यांनी चष्मा चाचपला आणि पुन्हा नाकावर ठेवला. सुनेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेरच्या कुठल्याही माणसाला असला डोळा तिने बसवूच दिला नसता. इथे तिला दिसलंच नव्हतं. आता तिला कळलं की ती चार दिवस आईंकडे बघून रंगवत नव्हतीच. नवी नवरी म्हणून उंबरठ्यात उभी असताना समोरून एक हसरी, चमकदार नजर आली होती, ‘ये गं’ म्हणाली होती. ती त्या नजरेचा डोळा रंगवत बसली होती.

आबा उठले. ते आत गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. आईंचे आजवरचे सगळे डोळे तिच्यात कापसात ठेवलेले होते, सगळ्यांत जुना डावीकडे. त्यांनी पेटी सुनेपुढे सरकवली.

तिने ते ओळीने मांडले आणि बघत राहिली. आकार बदलत गेला होता, कारण वयाबरोबर खोबण बदलते. पांढऱ्याचा रंग थोडा थोडा पिवळत गेला होता. पण बुबुळ? बुबुळ पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तेच. आबांची बायको त्या पेटीत एका वर्षानेही म्हातारी झाली नव्हती.

"कंडक्टरचं काही चुकलं नाही," आबा म्हणाले. "दर वेळी ठरवून बसायचो, या खेपेला जसं आहे तसं. आणि दर वेळी हात... म्हणजे तेव्हा हात चांगला होता. तरी."

"मग आबा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तू सून आहेस. तुझं असं होणार नाही." आबा पेटी बंद करायला लागले. झाकण काही केल्या बसेना, तेव्हा तिने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि लावलं.

या घराला हा एकच रोग होता. परक्या माणसाचा डोळा ही माणसं बिनखटक करायची, कारण त्याच्या तोंडावरची कुठलीही खूण त्यांच्या जिवाला लागत नव्हती. आपल्या माणसाचा डोळा करताना मात्र एकेक खूण गाळत जायची, आणि मग लोकांनी ओळखलं की नवल करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पुन्हा बसली. या वेळी तिने भिंग घेतलं. आईंनी विचारलं, "काय शोधतेस?"

"नावं ठेवायला बसलेय, आई," ती म्हणाली. "रागावू नका."

"ठेव की. सासूला तोंडावर नावं ठेवायला मिळतात म्हणजे नशीबवान आहेस. नीट बघ मात्र. माझं म्हातारपण मी काही कुणाचं चोरून आणलेलं नाही."

मग तिने आईंचा उजवा, खरा डोळा बघितला. बुबुळाच्या कडेने एक राखाडी कडं चढलं होतं, ते तिने इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. तपकिरी रंग धुऊन धुऊन विटला होता. पांढऱ्यात कोपऱ्याकडे एक पिवळट उंचवटा होता, आणि एक शीर उगाचच आडवी पसरलेली. बाहुली पूर्वीपेक्षा लहान दिसत होती. एकेक गोष्ट सापडली की ती ब्रश खाली ठेवायची, पुन्हा उचलायची आणि रंगवायची. या बाईने आपल्याला डोळ्यांत तेल घालून वाढवलं... छे, वाढवलं तर तिच्या आईने. पण आजारपणात रात्र रात्र उशाशी कोण बसलं होतं? ते जागरण या डोळ्यात कुठेतरी असणारच. ती पिवळट खूण रंगवताना सुनेचे स्वतःचेच डोळे भरून आले आणि तिला दोनदा उठून तोंड धुवावं लागलं. आई म्हणाल्या, "घाई नाही गं. मी कुठे पळून जात नाही."

तयार झाला तेव्हा तळहातावर तो डोळा बघवत नव्हता. निस्तेज, मळकट, दमलेला. नवऱ्याने चाकावरून उतरवला आणि म्हणाला, "हा? हा आईला घालायचा?" सुनेने तो धुतला आणि बसवला.

आणि डोळा गेला. म्हणजे कुठे पडला वगैरे नाही, चेहऱ्यात गेला. नवरा बघत होता, पण आता बघण्यासारखं वेगळं काही उरलंच नव्हतं. समोर त्याची आई बसली होती, तिच्या वयाची, थोडी दमलेली, खिडकीबाहेर बघणारी.  शब्द सुचला नाही त्याला, आणि सुनेला तेवढं पुरे होतं. स्वतःच्या हातांकडे बघत ती मनात म्हणाली, हे मी केलं. गर्व वाटू नये म्हणतात, पण तिला वाटला आणि तिने तो वाटू दिला.

राहिला होता आबांचा शब्द. आबा आले. त्यांनी आईंना दिव्याकडे बघायला लावलं, दाराकडे बघायला लावलं, हसायला लावलं. "उगाच कशी हसू?" आई म्हणाल्या आणि त्या बोलण्यावरच हसल्या. आबा दोन पावलं मागे सरले, पुन्हा पुढे आले. 

"ठीक आहे," आबा म्हणाले. "जेवायला घ्या."

ठीक! विषय संपवायचा शब्द! सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ताटं मांडली ती जरा आपटूनच मांडली. म्हाताऱ्याला आपल्या हातचं सुटलं म्हणून दुसऱ्याला द्यायला जड जातंय, असा अगदी हलका विचारही तिच्या मनात येऊन गेला. तिकडे आबांचं लक्षच नव्हतं. पहिल्याच घासाला त्यांचं आणि आईंचं जुंपलं. कारण काय, तर आईंनी त्यांचा जुना कोट मागच्या आठवड्यात न विचारता भंगारवाल्याला दिला होता आणि तो त्यांना आत्ता, या क्षणी आठवला.

"चांगला होता तो कोट!"

"दोन्ही कोपरं बाहेर आली होती."

"मग? कोटाला कोपरं असतातच!"

"त्यातून तुमची बाहेर येत होती, त्याचं म्हणतेय मी."

आबांनी बोट उगारलं, पुढे वाकले, आईंच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांना चाळीस वर्षांतले कोट, छत्र्या आणि चपला ऐकवल्या. आईंनी तितक्याच ठसक्यात उत्तरं दिली, पण मध्येच त्या एकदम गप्प झाल्या आणि नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. आबांना वाटलं आपण जिंकलो. ते खुशीत ताक प्यायले, दोन्ही हातांनी, आणि दुपारचे आडवे व्हायला गेले.

सून मोरीशी भांडी घासायला बसली. आई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा नव्हता. बाहेरच्या खोलीत कुणीतरी आलं होतं. नवऱ्याचा दबका आवाज आणि एका बाईचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

"रुसलीस?" आईंनी विचारलं.

"रुसू कशाला? ठीक आहे म्हणाले ना."

"अगं वेडे," आई म्हणाल्या. "पहिला डोळा बसवला ना यांनी मला, त्या दिवसापासून हे माझ्याशी बोलताना उजव्या डोळ्यातच बघतात. प्रेमाने बोलू दे, नाहीतर भांडू दे. डाव्याकडे बघितलं की यांना मी दिसतच नाही, यांचं काम दिसतं. रंग कुठे चुकला, शीर कुठे जाड झाली. मी कधी बोलले नाही. बोलून काय करायचं होतं?"

सुनेचे हात साबणात थांबले.

"आज कोटावरून एवढे भांडले ना माझ्याशी," आई म्हणाल्या, "ते सगळं डाव्या डोळ्यात बघून भांडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. यांना पत्ताच नाही."

 तिने मनगटाने डोळे पुसले तर साबण गेला आणि आणखीच पाणी आलं. आईंनी ओचा खोचला, केस सारखे केले आणि बाहेरच्या खोलीकडे निघाल्या. दारातून मागे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघ, यांना सांगू नकोस हं. कळलं तर उद्यापासून परत उजवीकडे बघायला लागतील."